वळणावरचं बाक

हेडक्लार्कांनी उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एकदाच, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि मागून मागून काय मागितलं, तर एक बाक. तेही खरं नव्हे.

तसे ते आता हेडक्लार्क राहिले नव्हते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं नोंदणी शाखेत बसून इतरांच्या टिपणांवर लाल शाई चालवली, त्याला निवृत्तीचा एक कागद काय बदलणार? जिन्यातले शेजारी त्यांना हेडक्लार्कच म्हणत. बायकोही म्हणे, पण फक्त भांडताना. कार्यालयात पाठीमागे आपल्याला 'परिशिष्ट' म्हणतात, हे त्यांना थेट निरोप समारंभातच कळलं होतं. त्यांना ते फारसं लागलं नाही. परिशिष्ट नसलेलं टिपण म्हणजे बटणं नसलेला सदरा, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

तर बाक. ते हवं होतं ताईसाठी. ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, दोन दिवसांच्या प्रवासावरच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तिचे गुडघे गेले होते आणि इमारतीला लिफ्ट कधी आलीच नव्हती. म्हणजे ताई वर आणि जग खाली, असा मामला. फोनवर बहीणभावांचं बोलणं तीन मिनिटांत आटपायचं. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मीही." मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसायची आणि कोणीतरी "बरं, ठेवू?" म्हणायचं.

यावर तोडगा काढला लेकीने. लेक बाहेरगावी संगणकाच्या नोकरीत होती. तिने सुट्टीत येऊन बापाला आणि आत्याला एका गावात नेऊन सोडलं. हे गाव संगणकाच्या पडद्यावर होतं. तिथे प्रत्येकाला एक शरीर मिळायचं आणि ते बटणांनी चालवायचं. हेडक्लार्कांच्या पडद्यावरच्या डोक्यावर लेकीने दाट केस दिले. ते बघून बायको म्हणाली, "कोण हा परका माणूस?" ताईने मात्र स्वतःसाठी बाकी काही न बघता आधी पांढरे धावायचे बूट निवडले.

रोज दुपारी चारला दोघं गावात भेटू लागली. कानाला यंत्र लावायचं आणि शेजारी शेजारी चालत सुटायचं. काय चमत्कार असेल तो असो, पण चालता चालता बोलणं आपोआप यायचं. चाळीस वर्षांपूर्वी कोणी कोणाची छत्री हरवली यावर एका दुपारी पाऊण तास गेला. हेडक्लार्क त्या दिवशी जेवताना स्वतःशीच हसले, आणि बायकोने त्यांचा ताप बघितला.

अडचण एकच होती. तळ्याजवळच्या वळणावर आलं की ताईला थांबावंसं वाटे, आणि थांबलं की दोघांना उभं राहावं लागे.

"मला असं उभ्याने बोलवत नाही रे," ताई म्हणाली.

"ताई, ते गुडघे खरे नाहीत."

"गुडघ्यांचं नाही. उभ्याने बोललं की वाटतं, समोरचा आता निघायच्या घाईत आहे."

हेडक्लार्कांनी पडद्यावरच्या माणसाला आपल्या घराकडे वळवलं. ते म्हणाले, "माझ्या घरात कोच आहे की." कारण लेकीने त्यांना गावात सगळ्यात लहान प्लॉट घेऊन दिला होता आणि त्यावर एक तयार घर असं तंतोतंत बसवलं होतं, की दाराबाहेर पायपुसणं ठेवायलाही जागा नव्हती.

"तुझ्या घरातून तळं दिसतं?"

"भिंत दिसते."

"भिंती बघायला मला इथे काय तोटा आहे?" ताई म्हणाली.

तेव्हा हेडक्लार्कांनी शब्द दिला. वळणावर, तळ्याकडे तोंड करून, ते बाक ठेवतील. आठ दिवसांत. त्यांनी त्याच दुपारी लेकीला फोन लावला.

"बाबा, वाट सगळ्यांची आहे. तिथे काही ठेवायचं तर प्रस्ताव मांडावा लागेल."

"मांडतो. साहेब कोण आहेत तिथले?"

"साहेब नाहीत. या गावाला मालकच नाही. कंपनी नाही, कार्यालय नाही. रहिवासी मतदान करून सगळं ठरवतात."

"मग शेवटची सही कोणाची?"

"कोणाचीच नाही, बाबा."

सही नाही! हेडक्लार्कांना दोन दिवस घास गोड लागला नाही. ज्या कारभारात शेवटी कोणी सही करत नाही, तो कारभार उभा कसा राहतो? पण तिसऱ्या दिवशी लेकीने त्यांना गावाची नोंदवही दाखवली. प्रत्येक प्रस्ताव, प्रत्येक मत त्यात आपोआप लिहिलं जायचं. झालेली नोंद कोणालाही वाचता यायची आणि कोणालाही, अगदी कोणालाही, खोडता यायची नाही. हेडक्लार्कांनी चष्मा पुसून ती वही पुन्हा पाहिली. खाडाखोड नसलेली वही! अशा वहीचं स्वप्न पाहत ते चौतीस वर्षं झिजले होते. त्यांचं गावावर प्रेम बसलं ते त्या क्षणी, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

लेक म्हणाली होती, "दोन ओळी लिहा. वळणावर बाक ठेवायचं आहे, हो की नाही. बस."

दोन ओळी! हेडक्लार्कांनी दोन ओळींत कधी रजेचा अर्जही केला नव्हता. त्यांनी अकरा पानांचा प्रस्ताव तयार केला. त्यात पार्श्वभूमी होती, उद्दिष्ट होतं, वळणाचा नकाशा होता, आणि परिशिष्टं तीन होती. कलम चारमध्ये त्यांनी व्याख्या घातली, कारण व्याख्येवाचून पुढे वाद होतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. 'बाक म्हणजे बसण्याच्या प्रयोजनार्थ वापरली जाणारी, सार्वजनिक वाटेवरील कोणतीही रचना, वस्तू अथवा जागा.' हे वाक्य त्यांनी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

"कुठूनही पाणी गळायला जागा ठेवली नाही," ते म्हणाले.

"बादली आहे का ती?" बायको म्हणाली आणि आत गेली.

प्रस्ताव मांडताच गावात हलकल्लोळ उडाला. पानं अकरा होती, पण लोकांनी नेमकं कलम चार वाचलं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला पायऱ्या होत्या. लोक त्यांवर बसत. म्हणजे पायऱ्याही बाक? एका बाईने वाटेकडेला हौसेने तीन दगड मांडले होते. म्हणजे ते तीन दगड आता अनधिकृत बाकं? एकाने विचारलं, आमच्या पुलाच्या कठड्यावर लोक टेकतात, टेकणं हे बसणं धरायचं का? संध्याकाळपर्यंत चर्चेच्या फळ्यावर एकशेचार प्रश्न आले. बाक ठेवायला निघालेल्या माणसाने गावातल्या सगळ्या बसायच्या जागा धोक्यात आणल्या, अशी बोंब झाली.

मग बैठक बोलावली गेली. बैठका चालवायचा निळा घोडा. त्या गावात हवं ते शरीर घेता यायचं आणि या गृहस्थांनी घोड्याचं घेतलं होतं, निळ्या रंगाचं. प्रत्यक्षात ते दंतवैद्य होते. त्यामुळे समोरच्याला बोलता येत नसताना प्रश्न विचारायची त्यांना सवय होती.

"हेडक्लार्क, बाकाची देखभाल कोण करणार?" घोड्याने विचारलं.

"पडद्यावरचं लाकूड कुजत नाही," हेडक्लार्क सांगणार होते, पण घोडा पुढे गेला.

"त्यावर आडवं झोपता येईल का? दोघं बसलेली असताना तिसऱ्याने यावं का? तोंड तळ्याकडेच का? वाटेकडे का नाही? तळ्याकडे तोंड म्हणजे वाटेने जाणाऱ्यांकडे पाठ. हा संदेश गावाला मान्य आहे का?"

चाळीस प्लॉटवाला एक रहिवासी होता. तो म्हणाला, ज्याचे जितके प्लॉट तितकी त्याला बाकावर जागा हवी. यावर अर्धं गाव उठलं, म्हणजे आधीच उभं होतं, पण आवाज वाढले. ही बैठक दुपारी चारला सुरू झाली आणि सहाला संपली. मध्ये पडद्याच्या कोपऱ्यात ताईचा निरोप चमकला: 'वळणावर आले आहे.' हेडक्लार्कांनी घाईघाईत उत्तर लिहिलं, 'बैठकीत आहे. तुझ्याच बाकाचं चाललंय.'

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे मोजणीदार सल्ला द्यायला वर आले. त्यांची उमर जमिनी मोजण्यात गेली होती आणि अजूनही ते कुठल्याही गोष्टीकडे एक डोळा मिटून बघत, समोर बशी असली तरी.

"तुमचं चुकलं कुठे सांगू?" चहा ओढत ते म्हणाले. "आधी हद्द कायम करायला हवी होती. वळण म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? मला नेऊन दाखवा."

हेडक्लार्कांनी मोठ्या मनाने त्यांना गावात नेलं, रहिवासी करून घेतलं, चालायला शिकवलं. यालाच विकतचं दुखणं म्हणतात. मोजणीदारांना गाव फार आवडलं. चार दिवसांत त्यांनी प्लॉट घेतला, तो नेमका वळणाला लागून, मग त्याची मोजणी केली. त्यातून असं निघालं की नियोजित बाकाचा डावा पाय चार बोटं त्यांच्या हद्दीत येतो.

त्यांची हरकत आली तेव्हा ते स्वतः हेडक्लार्कांच्या समोरच्या खुर्चीवर, हेडक्लार्कांच्याच कपातला चहा पीत बसले होते.

"अहो, हे काय?" हेडक्लार्क पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"व्यक्तिशः घेऊ नका. तुमची-माझी दोस्ती ती दोस्ती. पण हद्द ती हद्द." मोजणीदारांनी एक डोळा मिटून कपात पाहिलं. "अर्धा कप अजून आहे का?"

बायकोने दिला. हेडक्लार्क त्या अर्ध्या कपावरून दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

आता इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी, कारण हेडक्लार्क स्वतः ती सांगणार नाहीत. त्यांना मजा येत होती. सहा वर्षं या माणसाच्या हरकतीला कोणी हरकत घेतली नव्हती. गावाने 'आसनविषयक तात्पुरती समिती' नेमली आणि हेडक्लार्कांना तिचं चिटणीस केलं, तेव्हा ते बाजारात जाऊन नवं लाल पेन घेऊन आले. पडद्यावर लाल पेनाचा काडीचा उपयोग नव्हता. तरी ते खिशाला लावून ते बैठकीला बसत. केसही विंचरत, जे होते ते.

"इतके खुश तुम्ही बाक मिळाल्यावरसुद्धा होणार नाही," बायको म्हणाली.

"हे सगळं ताईसाठी चाललंय," हेडक्लार्क गंभीरपणे म्हणाले.

समितीच्या बैठका रोज चारला असत, कारण निळ्या घोड्याचा दवाखाना सहाला उघडायचा. ताई रोज चारला वळणावर यायची आणि निरोप पाठवायची. एकदा तिने फोनच केला.

"अरे, ऐक ना. मला इथे एक गंमत सापडली आहे."

"ताई, आत्ता नको. बाकाची लांबी चाललीय."

तीन दिवसांनी पुन्हा. "एकच मिनिट ये रे. दाखवते काय ते."

"उद्या नक्की. आज पाठीचा प्रश्न आहे. बाकाला पाठ हवी की नको यावर समिती फुटली आहे."

"बरं," ताई म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं. पण हेडक्लार्क तोवर कलम नऊ-अ मध्ये शिरले होते.

शब्द आठ दिवसांचा होता. बघता बघता चार आठवडे गेले. प्रस्ताव अकरा पानांचा सत्तावीस पानांचा झाला. बाकावर एका वेळी दहा मिनिटं बसता येणार होतं. बसण्याआधी नोंद आणि उठल्यावर नोंद. तोंड तळ्याकडे नाही आणि वाटेकडेही नाही, तर तडजोड म्हणून मोजणीदारांच्या कुंपणाकडे ठरलं. आणि कलम तेवीसनुसार बाकाची एक कायम देखभाल समिती होणार होती. तिचं चिटणीसपद कोणाकडे जाणार, हे सगळ्यांनी न बोलता धरलंच होतं.

मतदान सात दिवस चालणार होतं आणि शेवटच्या दिवशी दुपारी चारला बंद होणार होतं. समसमान मतं पडली तर प्रस्ताव फेटाळला जाईल, ही अट कोणी घातली होती? हेडक्लार्कांनीच. 'शंका असल्यास जैसे थे' हे त्यांच्या शाखेचं ब्रीद होतं.

त्यांच्या शाखेचा आणखी एक रिवाज होता. स्वतःच्या प्रकरणावर स्वतः शेरा मारायचा नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या बदलीच्या वेळी त्यांनी फाइल शेजारच्या टेबलावर ढकलली होती आणि मेव्हण्याची बदली जिथे नको तिथे झाली होती. तो मेव्हणा अजून बोलत नाही. तेव्हा स्वतःच्या बाकाला स्वतः मत देणं हेडक्लार्कांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शेवटच्या दिवशी पावणेचारला आकडे असे होते: बाजूने त्रेसष्ट, विरोधात त्रेसष्ट.

बायको हातातलं काम टाकून मागे येऊन उभी राहिली. "द्या की मत!"

"मी प्रस्तावक आहे."

"तुम्ही भाऊ आहात. ती बाई पाच आठवडे त्या वळणावर उभी आहे, आणि तुम्ही मला रिवाज सांगताय?"

चारला पाच कमी. चार कमी. चौतीस वर्षांचं तत्त्व एका बाजूला आणि पांढऱ्या बुटांतली ताई दुसऱ्या बाजूला. चारला दोन कमी असताना त्यांनी खिशातलं लाल पेन काढून टेबलावर ठेवलं आणि बटणाकडे बोट नेलं. जाऊ दे तत्त्व. एकदा तर एकदा.

बोट टेकायच्या आत आकडा हलला. विरोधात चौसष्ट.

आता त्यांनी मत दिलं असतं तरी समसमान. आणि समसमान म्हणजे जैसे थे. बोट तसंच हवेत राहिलं. चार वाजले आणि पडद्यावर पाटी आली: प्रस्ताव फेटाळला.

"कोण तो मेला?" बायको म्हणाली. "खालचा मोजणीदारच असणार!"

"त्याचं पहिल्या दिवशीच पडलंय." हेडक्लार्कांनी नोंदवही उघडली. खोडता न येणारी, सगळ्यांना वाचता येणारी ती लाडकी वही. शेवटची नोंद त्यांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मत ताईचं होतं.

रक्ताच्या नात्याने पाडावं! परक्याने पाडलं असतं तर हेडक्लार्कांनी फेरविचाराचा अर्ज केला असता. त्यांनी कानाला यंत्र लावलं आणि पडद्यावरच्या दाट केसांच्या माणसाला तळ्याकडे पिटाळलं.

ताई वळणावर होती.

"ताई, तू?" त्यांचा आवाज चिरकला. "तुझ्यासाठी पाच आठवडे मी..."

"सत्तावीस पानं वाचली मी," ताई म्हणाली. "चार दिवस लागले. दहा मिनिटं बसायचं, आणि बसून कुंपण बघायचं?"

"ती तडजोड होती."

"आणि कलम तेवीस. ते वाचून ठरवलं. बाक झालं असतं ना, तर तू त्याच्या देखभाल समितीत गेला असतास. रोज चारला." ती थांबली. "मला बाक नको होतं रे. मला तू हवा होतास. बाक तू माझ्यासाठी करत होतास, म्हणून मी हो म्हटलं."

हेडक्लार्कांनी आयुष्यात पुष्कळ टिपणांना उत्तरं दिली होती. याला त्यांनी एकही परिशिष्ट जोडलं नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पण मग तू रोज इथे उभी..."

"उभी कशाला?" ताई म्हणाली. "हेच तर दाखवायचं होतं तुला. डावीकडचं शेवटचं बटण आहे ना, ते दाबून धर."

हेडक्लार्कांनी ते दाबून धरलं. दाट केसांचा माणूस गुडघ्यांत वाकला आणि तळ्याच्या काठच्या गवतावर मांडी घालून बसला. शेजारी पांढऱ्या बुटांची ताईही बसली. समोर सगळं तळं.

"पहिल्या आठवड्यातच सापडलं मला," ताई म्हणाली. "म्हणतात ना, काखेत..."

"ताई, म्हण पुरी करू नकोस."

ती हसली. तेही हसले. मागे बायकोने हलकेच दार ओढून घेतलं. बसल्या बसल्या हेडक्लार्कांच्या मनात आलं की कलम चारप्रमाणे बसण्यासाठी वापरलेली कोणतीही जागा म्हणजे बाक. प्रस्ताव मंजूर झाला असता तर हे गवतही अनधिकृत ठरलं असतं, आणि ठरवलं असतं आपणच. ताईने वेळेवर मत दिलं.

त्यांनी ते तिला सांगितलं नाही. कधीतरी सांगू. छत्रीचा विषय तसाच अर्धवट राहिला होता, तो आधी निघाला.

थोड्या वेळाने टापांचा आवाज आला. निळा घोडा दवाखान्याआधी एक फेरी मारायला निघाला होता. दोघांना खाली बसलेलं बघून तो थबकला.

"हेडक्लार्क, हे काय? इथे असं बसायला ठराव झालाय का?"

हेडक्लार्कांनी तळ्यावरची नजर काढली नाही.

"कागदावर काहीच नाही," ते म्हणाले. "कोणाला विचारू नका. बसा."

घोड्याला चारी पाय दुमडून खाली बसायला बराच वेळ लागला. ताई थोडी सरकली.